फोटोत न येणारी वजाबाकी

52 मधून 27 गेले, तर किती उरले?

माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा याचं उत्तर 35 असं देतो. एकदा नाही, दर वेळी. 74 मधून 36 गेले की त्याच्याकडे 42 उरतात. हे उत्तर अंदाजपंचे नाही, त्यामागे पक्का हिशोब आहे. 2 मधून 7 जात नाहीत, मग 7 मधून 2 काढायचे, उरले 5. पुढे 5 मधून 2 गेले, उरले 3. झाले 35. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे आम्हीच त्याला पहिलीत शिकवलेलं आहे. त्याने ते मनावर घेतलं, एवढाच त्याचा गुन्हा.

ही चूक दुरुस्त व्हायला काय लागतं, तर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, थोड्या सुट्ट्या काड्या आणि त्याच्या शेजारी बसलेलं एक मोठं माणूस. तेही एक दिवस नाही. सलग चार-पाच दिवस, रोज वीसेक मिनिटं. यातल्या काड्या माझ्याकडे आहेत. रबरबँडसुद्धा आहेत. मिनिटं नाहीत. ती कुठे जातात, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

मी मराठवाड्यातल्या ऊसतोड पट्ट्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट 41. पहिली-दुसरी सरांकडे, तेच मुख्याध्यापक. तिसरी-चौथी माझ्याकडे, मिळून 22 मुलं. या मुलाचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात. दोघं मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगाम संपताना टनांचा हिशोब होतो, त्यातून उचल वजा होते आणि बाकी हातात येते किंवा अंगावर राहते. ही वजाबाकी दुसऱ्याच्या वहीत होते. ती बरोबर आहे की चूक, हे बघणारं त्या घरात अजून कुणी नाही. हा मुलगा गावात आजीजवळ राहिला तर ठीक, नाही तर तोही ट्रॉलीत बसून जाणार आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणार. म्हणजे सप्टेंबरात माझ्या हातात फार तर सहा आठवडे होते.

त्यातल्या एका आठवड्याचं मी रविवारी रात्री टाचण काढलं. रोज वीस मिनिटं, सहा दिवस, 120 मिनिटं. त्या आठवड्यात काय झालं ते वारावार सांगते.

सोम ते शनि

सोमवारी परिपाठ झाला, हजेरी झाली, काड्या काढल्या. पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या मांडून घेतल्या. "किती झाले?" "बावन्न." आठ मिनिटं झाली असतील, तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला: आज दुपारी बारापर्यंत जनजागृतीची प्रभातफेरी काढून फोटो लिंकवर भरावेत. तेव्हा अकरा वाजत आले होते, पण फेरी प्रभातच. मुलांना ओळीत उभं केलं, बॅनर धरायला उंच मुलं पुढे घेतली. फोटोत बॅनर, विद्यार्थी आणि ग्रामस्थ तिन्ही दिसले पाहिजेत अशी सूचना होती. गाव तेव्हा रानात. पारावर एक आजोबा सापडले, त्यांना बॅनरशेजारी उभं केलं. पहिला फोटो परत आला, कारण बॅनरवरची अक्षरं वाचता येत नव्हती. पुन्हा सगळी मुलं उन्हात, पुन्हा आजोबा. त्या बॅनरवर काय लिहिलंय, हे तिसरीतल्या सहा मुलांना वाचता आलं नाही. ते फोटोत दिसत नाही.

मंगळवारी आधारवरची नावं आणि शाळेच्या रजिस्टरमधली नावं जुळवायची होती. कुणाचं आडनाव वेगळं, कुणाची जन्मतारीख 1 जानेवारी. पोर्टल चालू होतं, बंद पडत होतं, परत पहिल्यापासून भरावं लागत होतं. मुलांना सांगितलं, धडा उतरवून काढा. दोन तास वर्गात पेन्सिलींचा आवाज होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय शिस्त आहे! ज्याला वाचता येतं त्याने शब्द उतरवले, ज्याला येत नाही त्याने आकार उतरवले. आमच्या मुलाने पान सुंदर काढलं. मिनिटं: शून्य.

बुधवारी केंद्रातली शिक्षण परिषद. मी तिकडे, इकडे सरांकडे चारही वर्ग. परिषदेचा विषय होता कृतियुक्त अध्ययन. साडेतीन तास आम्ही खुर्च्यांवर बसून पडद्यावरची वाक्यं वाचली: मुलं ऐकून विसरतात, करून शिकतात. शेवटी आमचा ग्रुप फोटो झाला. मिनिटं: शून्य.

गुरुवारी चित्रकला आणि घोषवाक्य स्पर्धा. वर पाठवायला शाळेतून तीन उत्कृष्ट चित्रं हवी होती. ती कोण काढणार, हे मुलांनाही ठाऊक असतं. दर वेळी तीच तीन. बाकीच्यांनी अर्धवट रंगवून कागद दप्तरात घातले. खिचडीनंतर मात्र मला थोडी उसंत मिळाली. पुन्हा काड्या काढल्या. 52 मधून 27 द्यायचे आहेत, सुट्ट्या दोनच आहेत, आता काय करशील? त्याने एक गठ्ठा हातात घेतला, रबरबँडशी खेळला आणि मला विचारलं, "मॅडम, ह्यो सोडला तर दहाच राहत्यात का?"

त्या आठवड्यात माझ्या शाळेत विचारला गेलेला हा सर्वांत मोठा प्रश्न. गठ्ठा सुटला, विखुरला, तरी दहा हे दहाच राहतात का? मोठ्यांना यात विचारण्यासारखं काही दिसत नाही. पण हातच्याची अख्खी वजाबाकी याच एका गोष्टीवर उभी आहे. मी म्हणाले, सोड आणि मोज. तो मोजायला लागला. चार, पाच, सहा... आणि फोन वाजला. अप्राप्त शाळांच्या यादीत आपलं नाव आहे, चित्रांचे फोटो आले नाहीत, पाच मिनिटांत पाठवा. मिनिटं: नऊ.

शुक्रवारी मुलांना एक थेट प्रक्षेपण दाखवायचं होतं. शाळेतला टीव्ही बंद, म्हणून माझा मोबाईल खुर्चीवर उभा केला आणि समोर 22 मुलं. रेंज येत-जात होती. पडद्यावरचे पाहुणे तोंड उघडून थिजले होते, वर गोल फिरत होता. त्याच अवस्थेत मी फोटो काढला, कारण पडदा आणि मुलं एकाच चौकटीत यायला हवी होती. तो फोटो मान्य झाला. दुपारी आणखी एक माहिती आली, जी आमच्या शाळेला लागूच नव्हती. पण लागू नाही म्हणून गप्प बसता येत नाही. 'निरंक' असा अहवाल द्यावा लागतो. काही नाही, हे कळवण्याचाही नमुना असतो. मिनिटं: शून्य.

पाच दिवसांत झाली सतरा मिनिटं.

शनिवारी सकाळची शाळा. 2024 पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आहे. कल्पना चांगलीच आहे, आठवड्यात एक दिवस तरी पुस्तकाबाहेर काढावा. मी ठरवलं, आज फोन कपाटात. सगळ्या वर्गाला काड्या वाटल्या. दुकान मांडलं, चिंचोक्यांचे रुपये केले. तो मुलगा चाळीस मिनिटं एका जागी बसला होता. गठ्ठा सोडला, दहा मोजले. पुन्हा बांधला. पुन्हा सोडला, पुन्हा मोजले. मग त्या दहांत आधीच्या दोन मिसळल्या, बारा झाले. बारातून सात बाजूला काढले, पाच उरले. उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन दिले, दोन राहिले. त्याने समोरच्या काड्या तीन वेळा मोजल्या. "पंचवीस." मग माझ्याकडे संशयाने बघितलं, कारण आदल्या दिवसापर्यंत ते पस्तीस होते.

हे काड्यांवर जमलं होतं. कागदावर यायला अजून तीन-चार दिवस हवे होते. ते पुढच्या आठवड्यात मिळाले नाहीत, पण ते राहू दे.

आनंददायी शनिवारचा फोटो मात्र पाठवायचा होता. फोन कपाटातून काढला. त्या मुलाचा फोटो काढून बघितला. कपाळाला आठ्या, नाक वाहतंय, भोवती काड्यांचा पसारा, शेजारच्या मुलीची पाठ. आनंद कुठेच दिसत नव्हता. मी तो पाठवला नाही. आधीच्या शनिवारचा, मुलं टाळ्या वाजवताहेत असा फोटो पाठवला. दोन मिनिटांत अंगठा आला: छान उपक्रम.

म्हणजे या प्रकरणात मीसुद्धा हात धुऊन बाजूला उभी नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

उपक्रम कुणासाठी?

माझं म्हणणं सरळ आहे. आमच्या शाळांतले बहुतेक उपक्रम आता मुलांनी शिकावं म्हणून होत नाहीत. वर काहीतरी पाठवता यावं म्हणून होतात. आणि फोटोची गंमत अशी की त्यात करणं दिसतं, शिकणं दिसत नाही. बॅनर दिसतो, रंग दिसतात, हसू दिसतं. गठ्ठा सोडला तरी दहा राहतात, हे कळण्याचा क्षण बाहेरून बघितला तर एखादं मूल कंटाळून बसल्यासारखा दिसतो. जे फोटोत येतं तेच मोजलं जातं, आणि जे मोजलं जातं तेवढंच मग शाळेत होतं.

उपक्रम आले ते घोकंपट्टी घालवायला. आज उलटं झालं आहे. मंगळवार आठवा. शिक्षकाचं लक्ष जेवढा वेळ पोर्टलवर आणि लिंकवर, तेवढा वेळ मुलांपुढे एकच काम असतं: उतरवून काढा. दर अपलोडमागे वर्गात एक पान उतरवलं जातं. घोकंपट्टी गेली नाही, ती उपक्रमाच्या मागच्या दाराने परत आली. आणि आता ती मोठ्यांनाही लागली आहे. आम्हीही तीच वाक्यं तिमाही अहवालात उतरवून काढतो.

कायदा काय सांगतो तेही बघू. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवं. दिवसाला चार तास. त्याच कायद्याचं कलम 27 म्हणतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. 2024 साली राज्य सरकारने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी विभागणीही केली. पण फेरीला, स्पर्धेला, प्रक्षेपणाला अशैक्षणिक कोण म्हणणार? ती तर विद्यार्थ्यांसाठीच आहेत. त्यामुळे मतदारयाद्यांवर मोर्चे निघतात, ते निघायलाच हवेत, पण उपक्रमांनी खाल्लेल्या तासांवर कुणी बोलत नाही. ते तास हजेरीपटावर अध्यापनाचेच म्हणून लागतात.

ध्येयं चुकीची आहेत असंही मी म्हणत नाही. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारतमध्ये दुसरीच्या अखेरीस मुलाला 99 पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी असं लिहिलं आहे. अगदी बरोबर. 52 वजा 27 त्यातच येते. पण ध्येयाचा तक्ता भिंतीवर लावल्याचा फोटो मागितला जातो. त्या तक्त्यासमोर बसून त्या मुलाला वजाबाकी विचारायला कुणी येत नाही.

2019 साल आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं आणि अख्ख्या महाराष्ट्राला गणितशिक्षणाचा पुळका आला. विनोद झाले, विधिमंडळात चर्चा झाली, मराठी बुडाली अशी ओरड झाली. वर्गात मात्र ती अडचण आजही रोज भेटते. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून मूल कधी कधी 25 लिहितं. 'एकोणतीस' ऐकून 31 लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. पुस्तकात दोन्ही पद्धती द्याव्यात की एक, यावर दोन बाजू असू शकतात. पण त्या सगळ्या गदारोळात हा प्रश्न कुणी विचारला नाही, की कुठल्याही पद्धतीने शिकवायचं तर बाईंना त्या मुलाशेजारी बसायला वेळ मिळतो का?

"फोटो नसेल तर तुम्ही शिकवणारच नाही"

हा आक्षेप मला माहीत आहे. घरच्यांकडूनही ऐकलेला आहे. त्यात तथ्य नाही असं नाही. शाळेवर न जाणारे, गेले तरी न शिकवणारे शिक्षक आहेत. पण कामचुकार माणूस फोटोने सापडतो, ही समजूत काढून टाका. सगळ्यांत देखणे फोटो बऱ्याचदा त्याचेच असतात, कारण त्याच्याकडे वेळ असतो. फोटोने सापडतो तो काड्या पसरून बसलेला शिक्षक, ज्याचं नाव अप्राप्त यादीत येतं.

मग शिक्षकावर लक्ष कसं ठेवायचं? याचं उत्तर जुनं आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षकांना नीट पगार द्या, हे तर सांगितलंच. त्याबरोबर शाळातपासणीबद्दलही लिहिलं. वर्षातून एकदा येऊन भागणार नाही, निदान तीन महिन्यांनी तरी शाळा तपासा आणि मधूनमधून आगाऊ न कळवताही जा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना शिक्षकांचा भाबडा पुळका नव्हता. पण तपासणी म्हणजे एका माणसाने शाळेत जाणं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आज केंद्रप्रमुखांची कितीतरी पदं रिकामी असतात, जे आहेत त्यांच्याकडे दोन-दोन केंद्रांचा भार, आणि तेही दिवसभर आमचेच फोटो गोळा करून वर पाठवण्यात गुंतलेले. माणूस पाठवणं महाग पडतं, म्हणून फोटो मागवले जातात.

कुणीही न सांगता या, माझ्या वर्गात बसा आणि कुठल्याही तीन मुलांना 52 मधून 27 वजा करायला सांगा. दहा मिनिटांत माझी लायकी कळेल. मला त्याची भीती वाटते, आणि ती वाटायला हवी. फोटोची मला भीती वाटत नाही.

दुसरा आक्षेप: तुम्हाला जुनी शाळा हवी आहे, छडी आणि पाढे. मुळीच नाही. मराठीत कृतीतून शिकवण्याची परंपरा कुणाच्या परिपत्रकाने सुरू झालेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला जे काम केलं, त्यात खडे, पानं, बिया, शिंपले असं परिसरातलंच साहित्य होतं. आणि ते एका दिवसापुरतं नव्हतं. तेच साहित्य मूल रोज हाताळत राहतं, कंटाळेपर्यंत, कळेपर्यंत. कृतीचा सगळा जीव त्या पुन्हापुन्हा करण्यात आहे. ताराबाई ज्यांच्याबरोबर भावनगरला काम करत होत्या त्या गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातल्या शिक्षकाचा तर पहिलाच दिवस पार फसतो. मुलं ऐकत नाहीत, गोंधळ होतो. तो मागे सरतो, विचार करतो, गोष्ट सांगायला लागतो आणि दिवसेंदिवस सांगतच राहतो. आज त्या शिक्षकाला पहिल्या दिवशीच लिंक आली असती. फसलेला प्रयोग कुठल्या रकान्यात भरायचा, हे त्याने कुणाला विचारलं असतं?

सोमवारी एक, मंगळवारी दुसरं, बुधवारी तिसरं, याला कृतियुक्त शिक्षण म्हणत नाहीत. ती जत्रा झाली. जत्रेत मूल खूश होतं हे खरं, पण जत्रेतून कुणी हिशोब शिकून येत नाही.

तुमच्याकडेही हेच आहे

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना वाटेल, हे जिल्हा परिषदेचं रडगाणं आहे. माझी बहीण पुण्यात राहते. तिचा मुलगा फी भरून शिकतो. तिथे सोमवारी ग्रीन डे, बुधवारी फ्रूट डे, शुक्रवारी कुणीतरी बनून यायचं. रात्री दहा वाजता बहीण थर्माकोल कापत असते, भाऊजी रंग देत असतात आणि मूल झोपलेलं असतं. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात, ज्वालामुखी इतक्याला, सूर्यमाला इतक्याला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ॲपवर फोटो येतो, बहीण तो घरच्या ग्रुपवर टाकते आणि आम्ही सगळे टाळ्या पाठवतो. मीही पाठवते. आमच्याकडे फोटो वर जातो साहेबांकडे, त्यांच्याकडे खाली येतो पालकांकडे. दोन्हीकडे मूल फोटोपुरतं उभं राहतं. फरक एवढाच की भाच्याची वजाबाकी संध्याकाळी शिकवणीत होऊन जाते. माझ्या वर्गातल्या मुलाला शाळा सोडून दुसरी जागा नाही. त्याचा शाळेतला तास गेला की तो गेलाच.

आणि तुम्ही. तुम्ही हे मोबाईलवर वाचताय. याच मोबाईलवर तुम्ही मुलांबरोबर नाचणाऱ्या गुरुजींचं रील बघितलं असेल, 'अशी शाळा हवी' म्हणून पुढे पाठवलं असेल. नाचू नये असं मी म्हणत नाही. मीही नाचते, पाढे नाचतच चांगले पाठ होतात. पण त्या रीलचे व्ह्यूज बघून दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर मेसेज येतो की सर्व शाळांनी असा व्हिडिओ करून पाठवावा. तुमचा अंगठा आमच्या वेळापत्रकात येऊन बसतो.

फोटो वाईटच, असंही नाही. शाळेचा पत्रा उडाला, स्वच्छतागृहाचं दार मोडलं, तांदळात किडे निघाले, अशा वेळी फोटोसारखा पुरावा नाही. गंमत अशी की ते फोटो आम्ही पाठवले, की अंगठा येत नाही.

मागणं मोठं नाही. दिवसाच्या पहिल्या दोन तासिकांत शाळेकडे कुठलीही माहिती मागू नका. साहेबांचा फोन असो की मंत्र्यांचं भाषण, दुपारनंतर. बाहेरून ठरवलेला उपक्रम महिन्याला एकापेक्षा जास्त नको, आणि त्याचा फोटो नको. बाकीचे उपक्रम कुठले, कधी, किती दिवस, हे वर्ग बघून शिक्षक ठरवेल आणि त्याचा जाबही देईल. माहिती भरायला प्रत्येक केंद्रात एक माणूस द्या. आणि तपासायला या. प्रत्यक्ष या, न कळवता या, मुलांशेजारी बसा.

हे व्हायला वेळ लागेल. तोवर तुम्ही एक करू शकता. दिवाळीला गावी गेलात की पुतण्या-भाचीला कडेवर घेऊन सेल्फी काढाल, काढा. मग फोन ठेवा आणि तिसरी-चौथीतल्या एखाद्या मुलाला विचारा, 52 मधून 27 गेले तर किती? 35 म्हणालं तर हसू नका, शाळेला शिव्या देऊ नका आणि युट्यूबवर व्हिडिओ लावून देऊ नका. खराट्याच्या काड्या मोडून दहा-दहाचे पाच गठ्ठे करा, दोन सुट्ट्या ठेवा आणि शेजारी बसा. गठ्ठा त्यालाच सोडू द्या. तो दहा मोजेल, पुन्हा मोजेल, तुम्हाला कंटाळा येईल. वीस मिनिटं लागतील. दुसऱ्या दिवशी परत बसावं लागेल.